कडी काढलेला रुपया

३ जाने., शुक्र.
पाणी आलं नाही. बी.पी.ची गोळी घेतली.
दुपारी लातूरहून बिरादार सरांचा फोन. क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात, फोनवरही फळ्यासमोर उभे असल्यासारखे बोलतात. नाणं परत ग्रेडिंगला पाठवलं म्हणाले. कोणतं, हे विचारायची गरज नव्हती. दोन वर्षांमागे माझ्याकडून घेतलेला चारमिनारचा रुपया. नाणी तपासून गुण देणाऱ्या कंपनीच्या बंद डबीतला, सत्तरपैकी ६३ ग्रेडचा. त्यांना ६४ हवेत. नवीन मायक्रोस्कोप घेतलाय, त्याखाली फारच देखणा दिसतो म्हणे.
मी म्हणालो, कशाला उगाच.
"कंपनीची हमी आहे ना सर. वाढली तर आनंद, घटली तर भरपाई त्यांच्याकडून. आपलं काय जातंय?"
आपलं काय जातंय!
जेवण गेलं नाही. शकूला ॲसिडिटी सांगितली.

६ जाने., सोम.
फिरायला म्हणून पार विष्णुपुरीपर्यंत गेलो. कॉलेजच्या गेटवर नवा वॉचमन, मला ओळखत नाही. बाहेरूनच वर्कशॉपचं पत्र्याचं छप्पर बघितलं. तीस वर्षं तिथं पोरांना कानस धरायला शिकवलं. लहानपणी बैलगाडीवरून पडल्यापासून माझा उजवा खांदा बसका. पोरं मागे उभी राहून माझी नक्कल करायची, कांबळे सर घासायला लागले की डावीकडे कलतात म्हणून. मी वळलो की सगळे साधू.
धरणावर थांबलो नाही. पाणी बघितलं की विचार येतात.

९ जाने., गुरु.
इथं तरी लिहून टाकतो.
आजीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात दोन रुपये असायचे, देवीच्या नावाचे. निजामाच्या काळातले, वर चारमिनार. दोन्हींच्या काठाला कडी झाळलेली. घर बौद्ध झालं तेव्हा आजोबांनी देव्हाऱ्यातलं सगळं गोदावरीत सोडलं. आजीनं दोरा दिला, रुपये दिले नाहीत. चांदी आहे म्हणाली. ते पुढे आईच्या पत्र्याच्या डब्यात. मला नाण्यांचा नाद लागला तेव्हा आईनं डबा पुढे सरकवला. एका रुपयावर चारमिनारच्या कमानीत ऐन हे उर्दू अक्षर अर्धंच. शेवटच्या निजामाच्या अगदी सुरुवातीला तसा साचा होता, मग पूर्ण अक्षर आलं. अर्ध्यासाठी जमवणारे जीव टाकतात.
पण कडी. कडीवाला रुपया म्हणजे दागिना. त्याला कोणी ग्रेड देत नाही.
एका शनिवारी वर्कशॉपात एकटा होतो. कडी काढली, जोड घासला. तेवढ्या जागेतले काठाचे दाते गेलेले. भिंग लावून नीडल फाइलीनं एकेक दाता पाडला. तीन शनिवार लागले. शेवटी जागा मलाच सापडेना.
मग लातूरला गौसभाईंकडे नेला.

१० जाने., शुक्र.
काल अर्धंच लिहिलं. हात थांबला.
गौसभाई घड्याळजी. गंजगोलाईच्या एका बोळात त्यांचं दुकान, वडिलांच्या वेळेपासून. नांदेड-लातुरात नाणं खरं की खोटं, हे त्यांच्या दुकानात ठरतं. आधी शोकेसच्या काचेवर वाजवतात, मग आयग्लास डोळ्याला लावून काठ फिरवतात, मग होकाराचा एकच शब्द, "हाव." त्यांच्या या हाववर माणसं न बघता नाणी घेतात. ग्रेडिंग कंपनीचे सभासदही तेच, म्हणून सगळ्यांची नाणी त्यांच्याच सभासद-नंबरावरून जातात. त्यांनीच मला बोट धरून या नादात आणलं. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान.
रुपया दिला आणि समोर बसलो. काठ तीनदा फिरवला त्यांनी. मग म्हणाले, "बेदाग. लेका उत्तम, नशीबवान हायेस तू."
पैशासाठी केलं नव्हतं. खरं कारण लिहायचं तर, त्यांच्या नजरेला एकदा हरवायचं होतं. परत येताना बसमध्ये एकटाच हसत होतो, अहमदपूरपर्यंत. त्या हसण्याची आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती, हेही लिहून ठेवतो.
त्यांच्याच नंबरावरून रुपया कंपनीकडे गेला, ६३ घेऊन आला. पुढे तो घरात नकोसा झाला, म्हणून बिरादार सरांना दिला. देताना साक्षीला गौसभाई होते.

१७ जाने., शुक्र.
निकाल आला. ग्रेड नाही. "काठ दुरुस्त केलेला."
कंपनीनं चूक कबूल केली. सरांना भरपाई मिळणार, रुपया कंपनी ठेवून घेणार. इथपर्यंत सगळं हमीत बसतं. पण ज्याच्या नंबरावरून पहिल्यांदा आला त्याला दुरुस्ती ठाऊक होती का, असा खुलासा त्यांनी गौसभाईंकडे मागितलाय. २० फेब्रुवारीपर्यंत कुरियरला पडला पाहिजे. तोवर त्यांच्या नंबरावरून गेलेली सगळी नाणी संशयात.
सगळी. म्हणजे या दोन जिल्ह्यांतली जवळजवळ सगळीच.

१९ जाने., रवि.
नाणेवाल्यांच्या ग्रुपवर सकाळपासून तेच. सरांनी नाणं पाठवण्याआधी पारदर्शक डबीतून मायक्रोस्कोपनं काढलेला काठाचा फोटो टाकला. दाते बोटाएवढे दिसतात. कोणी लिहिलं, इतकं बारीक काम घड्याळजीशिवाय कोण करणार. त्याखाली अंगठ्यांची रांग. माझं नाव कोणी घेतलं नाही. मी तर नाण्याचा मूळ मालक, बिचारा.
सरांनी फोन करून माझंच सांत्वन केलं. "तुम्हीही फसलात सर. मनाला लावून घेऊ नका."
मी हो म्हणालो. चक्क हो म्हणालो.

२२ जाने., बुध.
लातूरला जाऊन आलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. लोह्याला वाक्य तयार होतं, चाकूरला मोडलं, लातूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा शब्द नव्हता.
दुकान उघडं, पण गौसभाई खुर्चीत नुसते बसलेले. वर्षभरापासून उजवा हात थरथरतो, आता डावाही. काउंटरवर घड्याळ नाही, नाणं नाही. आयग्लास कुठंय विचारलं, तर ड्रॉवरकडे बोट दाखवलं. कुलूप होतं.
"आता काय बघायचं त्यानं? बघायचं तवा दिसलं न्हाई."
दोन गिऱ्हाइकं आली. मग शेजारचा चहा घेऊन आला. मग बसची वेळ झाली. माणसाला गप्प बसायला कारणं लागत नाहीत, तरी मी ती मोजत बसलो. निघताना त्यांनी विचारलं, तब्येत बरी हाय ना तुझी, चेहरा उतरलाय.

२६ जाने., रवि.
कॉलनीत झेंडा. जिलेबी खाल्ली नाही, तेव्हाच शकूच्या लक्षात आलं. घरी येऊन समोर बसली. तिला काय सांगायचं राहिलं होतं? लग्न होऊन आली तेव्हा आईच्या डब्यात तिनं दोन्ही रुपये कडीसकट बघितलेले. एक गेला तेव्हा बोलली नव्हती.
मी म्हणालो, कडी जुन्या देवीची खूण होती, ती काढली यात काय बिघडलं.
"कडी काढली ते ठीक हाय. दाते कशाला पाडले?"
इतकी वर्षं स्वतःला जे सांगत आलो ते तिनं एका वाक्यात संपवलं. मग भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज रोजच्याहून मोठा होता.

१ फेब्रु., शनि.
नसरीनचा फोन. गौसभाईंची मुलगी, शाळेत शिक्षिका, वडिलांपाशी तीच असते. कधी रडत नाही, आज आवाज ओला होता. अब्बा जुन्या वह्या काढून बसतात, नाव शोधून एकेकाला फोन लावतात. माझ्या हातून पास झालेलं नाणं परत ग्रेडिंगला पाठव, अजून काय काय निघेल कोण जाणे, असं सांगतात. लोक आधी समजावतात, मग कंटाळून फोन ठेवतात. डॉक्टर म्हणाले, हात आणि याद, दोन्हीचा एकच आजार.
"चाचा, चष्मा कुठं ठेवला इचारतात ते चालतंय. आता इचारून राहिले, बेटा, मी चोर व्हतो का?"
मंगळवारी येतो म्हणालो.

४ फेब्रु., मंगळ.
सांगितलं.
दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. डबा, कडी, तीन शनिवार, बसमधलं हसणंसुद्धा. सांगताना मान वर केली नाही. ते शिव्या देतील, उठून जातील, नुसते रडतील, सगळ्याची तयारी होती.
ते हसले. किती दिवसांनी.
"इतका झूट कशाला बोलतो माझ्यासाठी?"
मी शपथ घेतली. लेकराची घेतली. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो हात हलत होता. म्हणाले, त्या काठावरून माझी नजर तीनदा फिरली आणि काही सापडलं नाही, म्हणजे काम उस्तादाचं. या दोन जिल्ह्यांत तसा हात एकच होता.
"तुझा हात मला म्हाईत हाय उत्तम. कानशीनं लोखंड घासणारा हात हाय तो. हे काम मीच केलंय. केलं आन् इसरलो. येवढंच."
कडी शकूनं डोळ्यांनी बघितलीय म्हणालो. तेही त्यांनी बसवून टाकलं. वहिनी खरंच बोलत असतील, कडी असेल, पण तू ती काढायला माझ्याकडेच आणली असशील. दोघंही विसरलो. आठवून बघ.
आणि देवाशप्पथ, एक क्षण मी आठवून बघितलं. देव मानत नाही तरी लिहून गेलो.

५ फेब्रु., बुध.
रात्रभराचा राग सकाळीही उतरला नाही. कशाचा राग? तुझा हात नाही तो, असं म्हणाले त्याचा. मित्र वेडा व्हायची वेळ आलीय आणि मला माझ्या हाताचा अपमान सलतोय. असा माणूस आहे मी.
खुलासा लिहून तयार आहे त्यांचा. नसरीननं फोनवर वाचून दाखवला. "दुरुस्ती माझ्या हातची आहे. याद राहिली नाही, याची माफी." नुसती सही राहिलीय.

८ फेब्रु., शनि.
बिरादार सरांना फोन करून सरळ सांगितलं, रुपया मी दुरुस्त केला. ते म्हणाले, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात सर, पण गौसभाईंनी स्वतः कबूल केलंय सगळ्यांपाशी.
दुपारी ग्रुपवर त्यांनी माझ्याबद्दल लिहिलं. मैत्री कशी असावी ते कांबळे सरांकडून शिकावं. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस. मी खाली लिहिलं, हे खोटं नाही, मी खरं सांगतोय. त्यालाही हात जोडले.
कंपनीलाही परवाच मेल टाकला होता. उत्तर आलं, खुलासा ज्याचा नंबर त्याचाच चालेल, दुसऱ्याचा असल्यास नंबरवाल्याची त्यावर सही हवी.
इतकी वर्षं लपवलं तर कोणाला दिसलं नाही. आता बोंबलून सांगतोय तर कोणी घेत नाही.

१२ फेब्रु., बुध. माघ पौर्णिमा.
विहारात गेलो. चौथं शील, खोटं न बोलण्याचं. तोंड हललं, आवाज निघाला नाही. शकू शेजारीच होती, तिनं माझं शील मोठ्यानं म्हटलं, दोघांचं मिळून असल्यासारखं.
घरी येऊन तिनं आईचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. दुसरा रुपया. पूर्ण ऐनवाला, साधा, कडीसकट.
"त्यांच्या पुढ्यात करून दावा," म्हणाली.
हे मला सुचलं नव्हतं असं नाही. जे केल्याची लाज वाटते, तेच परत करायचं, सिद्ध करण्यासाठी. आणि नाही जमलं तर? तेव्हा पन्नाशीही आली नव्हती. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बोटांच्या पेरात सकाळी ताठरपणा असतो.
फाइली शोधल्या. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या, अजून धार आहे. माझ्यापेक्षा त्या बऱ्या राहिल्या.

१५ फेब्रु., शनि.
आज खिळ्यावर सराव करून बघितला. बरा जमला. शकूनं बघून फक्त मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

१९ फेब्रु., बुध. औसा, बहिणीकडे.
सकाळच्या गाडीनं लातूर. छोटा व्हाइस, फाइली, भिंग पिशवीत. कंडक्टरनं पिशवी उचलायचा प्रयत्न केला आणि विचारलं, काका, इंजिन घेऊन चाललात काय.
गौसभाई आधी नको म्हणाले. मग, बघू दे तरी, म्हणाले. नसरीनला शिवजयंतीची सुट्टी, उद्याचीही रजा टाकलेली. व्हाइस काउंटरला बसवला. आजीचा रुपया त्यात धरला. कडी काढताना हाताला काही वाटलं नाही, मनाला वाटलं. आजीच्या गळ्यापाशी इतकी वर्षं असलेली ती. शकूसाठी खिशात ठेवली.
जोड घासून सारखा केला. इथपर्यंत हात ओळखीचा होता. मग दाते. पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला फाइल घसरली. चौथा रुंद. पाचव्यापर्यंत घाम डोळ्यांत. सहाव्यानंतर थांबलो. उंदरानं कुरतडलेली भाकरी दिसत होती ती.
गौसभाईंनी रुपया हातात घेतला, नुसत्या डोळ्यानं बघितला आणि खाली ठेवला. आवाज इतका मायेचा होता की तो ऐकवेना.
"बघ. म्हणलो व्हतो न्हवं?"
मी त्यांना वाचवायला गेलो होतो. त्यांच्या डोक्यातला दगड पक्का करून आलो.
नसरीन बोळाच्या तोंडापर्यंत आली. उद्या चार वाजता कुरियरवाला दुकानावर येणार आहे. मी नांदेडला गेलो नाही. औशाची बस धरली. बहिणीनं विचारलं, अचानक कसा? जवळ आलो होतो म्हणालो. किल्ल्याच्या बाजूनं चक्कर मारली, कशात लक्ष नाही. एका कागदावर माझा खुलासा लिहिला, स्वच्छ अक्षरात, तारखांसकट. खाली त्यांच्या सहीसाठी जागा सोडली.

२० फेब्रु., गुरु. लातूर स्टँड, सव्वातीन.
गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येणार.
अकराला दुकानात पोचलो. त्यांचं पाकीट काउंटरवर तयार, सहीसकट. त्याशेजारी माझं ठेवलं. त्यांनी वाचलं नाही. कालचा रुपया अजून व्हाइसमध्येच होता, काढायचा राहिलेला. त्याच्याकडे बघत बसले. म्हणाले, आजीची चीज अशी वंगाळ ठेवायची न्हाई, दे फाइल इकडं.
दिली. हात फाइलीसकट थरथरत होता, टोक रुपयाच्या चहूकडे फिरायचं, काठावर टेकत नव्हतं. दोनदा प्रयत्न केला. चेहऱ्यावर जे आलं ते बघवलं नाही. वाटलं, आता हेही जाणार यांचं.
"मनगट धर माझं," म्हणाले.
दोन्ही हातांनी धरलं. हाडं आणि कातडी, आत ते थरथरणं, मुठीत धरलेल्या चिमणीसारखं. मी फक्त स्थिर धरलं, जोर लावला नाही. फाइल टेकली. बोटं त्यांची. एक दाता पडला. मग दुसरा. तिसरा. तासाभरात माझ्या सहांच्या पुढे त्यांचे चार.
मग खिशातून किल्ली काढली, ड्रॉवर उघडलं, आयग्लास डोळ्याला लावला. महिन्याभरानं. रुपया सोडवून काठ फिरवला. एकदा. परत. तिसऱ्यांदा थांबले, माझ्या दात्यांवर. मग त्यांच्या. मग माझ्या.
"तुझे सगळे डावीकडं कललेत," म्हणाले. "वाईट पडलेत ते जाऊ दे. पन एकजात डावीकडं. माझे बघ, सरळ हायेत. हात मेला तरी सरळ हायेत."
खांद्याचं डोक्यात आलं, पोरांची नक्कल आली, पण तोंड उघडलं असतं तर ते परत म्हणाले असते, झूट बोलतो.
त्यांनी आयग्लास तसाच ठेवून विचारलं, "त्या पहिल्या रुपयाचे दाते कुनीकडं कलले व्हते?"
मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तेव्हा सापडेनात म्हणून खूश झालो होतो, कलले कुठे ते कोण बघतो.
बिरादार सरांनी ग्रुपवर टाकलेला फोटो नसरीनच्या फोनात होता. महिनाभर तो बघायलाही ते तयार नव्हते. आज फोन मागितला. नसरीननं फोटो मोठा करून समोर धरला. मी वाकलो तर मला हातानं मागे सारलं.
"तू जा आता. तुझं तोंड बघून मला खरं दिसनार न्हाई. याद गेली माझी, ती जाऊ दे. नजर हाय का ते बघू दे."
तीन वाजले होते. निघालो. दारातून वळून बघितलं तर एका हातात रुपया, फोन नसरीनच्या हातात, आणि त्यांचं डोकं दोन्हींच्या मध्ये, खुर्चीत पूर्वी बसायचे तसंच. काउंटरवर दोन पाकिटं. कुरियरवाला एकच नेणार.
फोटोतले ते दाते डावीकडे कललेले असू देत. मला ओळखून टाकू देत. परत कधी दुकानात घेतलं नाही तरी चालेल, नाही, चालणार नाही, पण तरी असू देत.
नांदेड गाडी लागलीय. कंडक्टर दोनदा ओरडून गेला. कडी खिशात आहे. चाराला अजून दहा मिनिटं आहेत, आणि मी अजून चढलो नाही.